सहलीचा बेत ज्येष्ठांच्या पावलाने

थंडी सुरू झाली की घरोघरी सहलीचे बेत रंगू लागतात आणि माझ्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते, "तुम्ही जा, मी घर सांभाळतो." बोलणारी व्यक्ती बहुधा सत्तरीपुढची असते. आपल्यामुळे इतरांची अडचण होऊ नये, एवढीच तिची इच्छा असते. आम्ही मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात मुक्कामाला जायचे ठरवले, तेव्हा माझ्या ७८ वर्षांच्या वडिलांनीही हेच म्हटले.

समुद्राजवळच्या डोंगरांतले हे जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. शेकरू, गारंबीच्या जाडजूड वेली आणि 'गाण' नावाने ओळखले जाणारे पाणवठे ही त्याची खरी श्रीमंती. ती वडिलांनी पाहू नये, असे कोणतेही वैद्यकीय कारण मला दिसेना.

म्हणून बेत आखताना आम्ही आधी त्यांचा दिवस कागदावर मांडला आणि सहल त्यात बसवली. महिनाभर आधीपासून ते सहलीचेच बूट घालून रोज फिरू लागले, जिना चढू-उतरू लागले. उतरणीवर गुडघ्यांवर अधिक भार येतो, म्हणून काठीची सवयही आधीच केली.

किनाऱ्यालगतच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि शरीर नीट थंड होत नाही. त्यातच वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, किंवा हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाणी व क्षारांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. गोळी परस्पर बंद करू नये. मधुमेहींनी चालताना खिशात साखर ठेवावी आणि जेवणाची वेळ टाळू नये. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये.

तंबूतली रात्र हा बेताचा सर्वांत नाजूक भाग. जमिनीवरून उठणे कठीण जाते, म्हणून खाटेची सोय आहे का, हे आधी विचारले. उशाशी विजेरी ठेवली. रात्री उठताना प्रथम दोन मिनिटे बसावे, मगच उभे राहावे; एकदम उठल्यास रक्तदाब उतरून तोल जातो. स्वच्छतागृहापर्यंतची वाट दिवसाउजेडी पाहून ठेवावी आणि बूट झटकूनच घालावेत.

औषधांची यादी दोघांच्या खिशात होती. मुरूडचे ग्रामीण रुग्णालय, अलिबागचे जिल्हा रुग्णालय आणि १०८ ही रुग्णवाहिका सेवा यांची नोंद केली होती. मोबाइलला कुठपर्यंत संपर्क मिळतो, हे वनकर्मचाऱ्यांना विचारून घेतले.

परतीची वेळ मात्र निघण्यापूर्वीच ठरवली होती: सकाळी नऊ वाजता, जिथे असू तिथून. नऊ वाजले तेव्हा पाणवठा अजून पुढे होता. मुले पुढे गेली; मी आणि वडील एका दगडावर बसलो. वर फांद्यांत शेकरू खडखडाट करत होते आणि वडील कितीतरी वेळ मान वर करून पाहत होते.

ज्येष्ठांना सोबत नेणे म्हणजे त्यांना शेवटपर्यंत चालायला लावणे नव्हे. जिथून त्यांना सुखाने परतता येईल, तेवढीच वाट त्यांची. तेवढी तरी त्यांना अवश्य चालू द्यावी.