घारापुरीला सहकुटुंब जाताना

चैत्यभूमीला अभिवादन करून झाले की गावाकडची पाहुणेमंडळी हटकून म्हणतात, "आता लाँचमधून घारापुरी दाखवा." जरूर दाखवावी. मात्र सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावा.

गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीला जायला लाँचने सुमारे एक तास लागतो. लाँचवर चढताच पहिले काम म्हणजे घरातल्या प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालून पट्टे नीट बांधणे. लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचे जॅकेट मागून घ्यावे. उकडते, साडी चुरगळते, फोटो चांगला येत नाही, ही कारणे सांगू नयेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. बोट बुडाली. त्या दुर्घटनेत १५ जणांचे प्राण गेले. धक्का बसल्यावर जॅकेट शोधायला वेळ मिळत नसतो.

ज्यांना मळमळते त्यांनी हलके खाऊन निघावे, लाँचच्या मधल्या भागात बसावे व नजर दूर ठेवावी. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी. लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. आजी-आजोबांना सावकाश चढू द्यावे. खाऊची पिशवी माकडांपासून सांभाळावी.

बहुतेक लोक शिवाच्या शिल्पांचे मोठे लेणे पाहून परततात. बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, हे मुलांना अवश्य सांगावे.

तथागतांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा, म्हणजे सदैव जागरूक राहण्याचा होता. लाँचवर पाय ठेवतानाही तो आठवावा.