पगडीखालचे डोके

जुनी खेळणी जमवणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एकाला पागोट्यासकट एकाच साच्यातून निघालेला मावळा आवडतो. दुसऱ्याला बाहुल्याचे डोके गुळगुळीत आणि त्यावर बसवायची पगडी वेगळी अशी हवी असते. इंदूरच्या मराठी घरांतून दिवाळीत पोरे किल्ला करतात, त्यावरचे मावळे बहुधा पहिल्या जातीचे. साचा एकच लागतो आणि पगडी हरवण्याची भीती नाही. मी मात्र दुसऱ्या पंथाचा. माझ्या कपाटातल्या वीस-बावीस बाहुल्यांपैकी निम्म्यांच्या पगड्या केव्हाच हरवल्या आहेत. घरचे त्या कपाटाला ‘टकलूंची सभा’ म्हणतात.

गंमत अशी की हे टक्कल इतिहासाला धरून आहे. पेशवाईत आणि पुढेही बराच काळ पुरुष डोके तासून शेंडी किंवा घेरा राखीत. पगडी फेट्यासारखी रोज बांधायची नसे. कारागिराने एकदा पक्की बांधून दिलेली ती डोईवर ठेवायची, घरी आले की खुंटीला अडकवायची. डेन्मार्कच्या लेगो कंपनीची चिमुकली माणसे १९७८ साली निघाली. त्यांच्या डोक्यावर एक खुंट असतो. त्यावर केस बसवा नाहीतर टोपी, दोन्ही एकदम बसत नाहीत. आमच्या पूर्वजांचेही तसेच होते म्हणायचे!

पुणेरी, शिंदेशाही, होळकरी अशी पगडीवरून माणसाची ओळख पटे. मराठीत माणूस पगडी फिरवतो म्हणजे शब्द बदलतो. आमच्या इंदुरी हिंदीत कुणाची पगडी उछाळली म्हणजे त्याची अब्रू गेली. दोन्ही भाषांत वाढलेल्या मुलांना हे दोन्ही अर्थ फुकट मिळतात. बर्नार ब्युते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतराव होळकरांना १९२९ साली युरोपी पोशाखात उघड्या डोक्याने रंगवले आणि काही वर्षांनी मराठी पोशाखात, पगडीसह. माणूस एकच, पण दोन चित्रांतून दोन जगे दिसतात.

एकदा शाळेतला सातवीचा मुलगा कपाट पाहायला आला. एक बाहुली हाती घेऊन म्हणाला, “सर, ही बोडकी का?” हिंदी माध्यमातला पोरगा, घरी कधीतरी ऐकलेला शब्द त्याने सहज वापरला. मला मात्र वडिलांची आत्या आठवली. अकराव्या वर्षी विधवा झालेली. लाल आलवण, आणि पदर कपाळापर्यंत. न्हावी आला की ती मागच्या पडवीत जाई आणि आम्हा मुलांना तिकडे फिरकू देत नसत. पुरुषाने डोके तासले तर वर मानाची पगडी येई, तिच्या डोक्यावर वस्तरा फिरला तो शिक्षा म्हणून. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, त्यानंतर कितीतरी वर्षांनी हे आमच्या घरी घडले. आणि याच इंदूरच्या होळकरांच्या घरात १७५४ साली विधवा झालेल्या अहिल्याबाईंनी पुढे सारे राज्य चालवले होते!

भातुकलीत राजा-राणी, शिपाई, वाणी, गवळण सगळे असतात. केशवपन केलेली आत्याबाई कुणा कारागिराने घडवलेली मी पाहिली नाही. घराघरात होती, पण खेळात तिला जागा नव्हती.

आत्याआजीला बाहुल्याचे डोके उघडे राहिलेले खपत नसे. विरलेल्या लुगड्याचे काठ, जरीचे तुकडे जमवून ती त्यांच्यासाठी बोटभर पगड्या शिवी. “उघड्या डोक्याने बसवू नये रे कुणाला,” एवढेच म्हणे. तेव्हा त्या वाक्यात मला काही वेगळे ऐकू आले नाही.

तिच्या हातच्या दोन पगड्या आज उरल्या आहेत. एक आकाराने ना पुणेरी, ना होळकरी. दुसरी एका बाजूला कललेली. संग्रहाचे जाणकार सांगतात की त्या मूळच्या नाहीत, काढून टाकाव्यात. बाहुले जसे घडले तसेच असले तर त्याला किंमत येते. नियम म्हणून ते बरोबरच आहे. बाकीचे टकलू मी तसेच ठेवले आहेत. त्या दोघांच्या पगड्या मात्र राहतील, आणि कुणी विचारलेच तर त्या कुणी शिवल्या हेही मी सांगेन.