आर सुरू होण्याआधी

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय. परळच्या ऑफिसातलं माझं काम जिच्याकडे जाणार, त्या मुलीने माझी आरप्रोफाइल मागितली तेव्हा मी सुखावले. सांख्यिकीसाठीची आर ही भाषा उघडताच आपोआप वाचली जाणारी ही फाईल मी वर्षानुवर्षं घडवली आहे. इतर विभागांतली माणसं ती कॉपी करून नेतात आणि मी ते मिरवतेही.

तिने ती नुसती उचलली नाही, ओळ न् ओळ वाचली. “मॅडम, कॉन्ट्रास्टची ओळ इथे का?”

गटांची तुलना कशाशी करायची, ते कॉन्ट्रास्ट ठरवतो. समजा चार भागांच्या सरासऱ्या आहेत: गिरगाव १०, दादर १२, परळ १४, लालबाग १६. आरच्या मूळ रीतीप्रमाणे वर्णक्रमात पहिलं येणारं गिरगाव आधार धरलं जातं आणि परळपुढे ४ छापून येतात. माझ्या ओळीमुळे तुलना चारही भागांच्या मध्याशी, म्हणजे १३ शी होते. मग परळचा आकडा १. शिवाय नावं जाऊन नुसते क्रमांक उरतात आणि शेवटचं लालबाग छापलंच जात नाही. अंदाज दोन्हीकडे तेच, पण प्रश्न वेगळे. ‘ग’ आधी येतो म्हणून साऱ्या शहराने गिरगावाशी का तुलना करून घ्यायची, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. पण तीच स्क्रिप्ट तिच्या लॅपटॉपवर ४ दाखवते आणि हा १ कुठून आला हे स्क्रिप्टमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. ती ओळ आता स्क्रिप्टच्या माथ्यावर गेली आहे.

मग नियम सोपा वाटतो: उत्तर बदलणारं स्क्रिप्टमध्ये, दिसणं बदलणारं प्रोफाइलमध्ये. पण लाखाचं काय? आजारांच्या आकडेवारीच्या आमच्या धंद्यात सगळे दर लाखामागे. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली, तिचे दरही लाखामागेच मांडले जातात. आणि नेमका पूर्ण लाख आर ‘१ई+०५’ असा छापतो. सायपेन नावाचं सेटिंग वाढवलं की एकावर पाच शून्यं नीट येतात. ही निव्वळ दिसण्याची बाब म्हणावी, तर सीएसव्ही फाईलमध्ये उतरवतानाही तेच घडतं आणि पुढच्या माणसाच्या हाती मजकूरच वेगळा पडतो. दिसणं संपून उत्तर कुठे सुरू होतं, ती रेघ मला अजून ओढता आलेली नाही.

प्रोफाइलमध्येच पॅकेजं लोड करून ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांची स्क्रिप्ट दुसऱ्याच्या मशीनवर पहिल्याच ओळीला अडते. बंद करताना वर्कस्पेस सेव्ह करणारे त्याहून वाईट, कालचं शिळं आज वाढतात. पण सगळं व्हॅनिला, म्हणजे मूळ आहे तसंच चालवा म्हणणारे सोवळेही मला पटत नाहीत. रोज आठ तास जिथे बसायचं तिथे आपली सोय का नको? मजकुराचा रकाना आपोआप फॅक्टर, म्हणजे गटांचा रकाना होऊ नये म्हणून आम्ही वर्षानुवर्षं प्रोफाइलमध्ये एक ओळ बाळगली. २०२० च्या ४.० आवृत्तीत आरनेच ती रीत स्वीकारली. अशा ओळींतूनच तर कळतं, कामाच्या माणसाला काय टोचतं.

तिने प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये वेगळी, तीन ओळींची आरप्रोफाइल ठेवली आहे. तिथून आर उघडला की होम फोल्डरमधली माझी वाचलीच जात नाही. पद्धत चोख आहे, फाईल शोधण्याचा हा क्रम मीच तिला शिकवला होता. तरी माझ्या चाळीसेक ओळी डावलल्या जातात हे मनाला लागतं. सायपेनची ओळ तिच्या तीन ओळींत नाही. प्रत्येक सीएसव्हीआधी ती आकड्याचं रूप स्वतः ठरवते. मी मात्र ती ओळ अजून माझ्या फाईलमधून काढलेली नाही.