उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द निवडणुकीने पळवून नेला, त्याला आता बराच काळ लोटला. उमेदवार म्हटले की भिंतीवरच्या कागदात हात जोडून हसणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. पूर्वीचा उमेदवार हसत नसे. शाळा संपवलेला पोरगा मामलेदाराच्या कचेरीत कोपऱ्यात बसून फुकट नकला करी आणि एखादा कारकून बदलला किंवा पेन्शनीत निघाला की आपली वर्णी लागेल, या आशेवर वर्षे काढी. उमेद बाळगून आहे तो उमेदवार. तिच्यापलीकडे त्याच्याजवळ दुसरे काही नसे.

सरकारने मात्र हा जुना अर्थ टाकलेला नाही. ‘अप्रेंटिस’ला सरकारी मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात. हा शब्द ज्याने योजला त्याला पुढचे सारे दिसत असावे, असे मला कधी कधी वाटते.

आमच्या शाळेतून दहावी झालेली काही मुले दरवर्षी आयटीआयला जातात. बाकीचे पालक त्यांच्याकडे जरा कीव केल्यासारखे पाहतात. मला ते मुळीच आवडत नाही. असाच एक मुलगा होता. गणितात यथातथाच; पण वर्गातली डुगडुगणारी बाके त्याच्या हाताखाली गुपचूप उभी राहत. त्याने फिटरचा ट्रेड घेतला. दिवाळीच्या सुट्टीत भेटला तेव्हा त्याच्या तळहातांना घट्टे पडले होते.

“काय शिकवतात रे?”

“कानस, सर. नुसती कानस.”

लोखंडाचा तुकडा वाइसमध्ये आवळायचा, कानशीने घासायचा, त्याला गुण्या लावायचा आणि उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. “आधी सगळीकडूनच उजेड यायचा, सर,” तो हसून म्हणाला. “मग एक दिवस आलाच नाही.” हात बसणे म्हणजे काय, हे मी मराठीच्या तासाला वाक्प्रचार म्हणून कितीतरी वेळा शिकवले आहे. त्या दिवशी ते मी पाहिले.

दोन वर्षांनी तो मुंबईला एका रेल्वे कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. मुदत एका वर्षाची. २०१९ साली ठरलेल्या दराने आयटीआय झालेल्या मुलाला महिना किमान ७००० रुपये विद्यावेतन मिळे. मामाच्या घरी खोलीत सातवा माणूस म्हणून राहिला, म्हणून ते पुरले. त्याची आई रस्त्यात भेटली की एकच विचारी, “सर, पर्मनंट होईल ना हो?” मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीत अशा मुलाला शेवटच्या प्रकरणाआधी नोकरी लावून द्यावी लागते, नाहीतर वाचक रुसतात. त्या माउलीला मात्र मी एवढेच म्हणे, “काम तर शिकतोय.” हे उत्तर खरे होते, पण तिच्या प्रश्नाचे नव्हते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यात पहिल्यापासून होते. मुदत संपल्यावर मालकाने नोकरी दिलीच पाहिजे असे नाही, आणि उमेदवाराने ती घेतलीच पाहिजे असेही नाही! केवढी ही सभ्यता! भुकेल्याला जेवायला वाढण्याचे बंधन नाही आणि त्याने जेवण्याचेही नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बाकी सारे सारखे असेल तर प्रशिक्षण घेतलेल्याला आधी घ्यावे. २०१४ च्या दुरुस्तीने हे कलम बदलले. उमेदवारांच्या भरतीचे धोरण आता ज्या त्या मालकाने आपले आपण ठरवायचे.

२० मार्च २०१८ ची सकाळ मुंबईकरांच्या लक्षात असेल. दादर आणि माटुंग्याच्या मध्ये शेकडो पोरे रुळांवर उतरली आणि मध्य रेल्वेच्या लोकल काही तास उभ्या राहिल्या. लोक चिडले; कामावर जाणारा माणूस चिडणारच. पण ती पोरे होती रेल्वेच्याच कारखान्यांत शिकलेली. भरतीत त्यांच्यासाठी २० टक्के जागा राखल्या होत्या. त्यांचे म्हणणे, ही मर्यादा काढा आणि शिकवलेल्या सर्वांना घ्या. सर्वांना घेणे कोणत्याही खात्याला साधणार नाही, हे मलाही कळते. पण मग दारातच तसे स्पष्ट सांगावे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने हजारो तरुणांना कार्यप्रशिक्षणासाठी सहा महिने कचेऱ्यांतून बसवले, पुढे पाच महिने वाढवून दिले, आणि मुदत सरताच ‘आम्हाला कायम करा’ म्हणून तेही रस्त्यावर आले. ज्याला सरकारी खुर्चीच्या इतक्या जवळ बसवले, त्याने तिच्याकडे पाहू नये, ही अपेक्षा मला निर्दयपणाची वाटते.

आमच्या फिटरला प्रमाणपत्र मिळाले. राखीव जागेसाठीही परीक्षा द्यावी लागते. तिच्यात गणित आहे, बुद्धिमापन आहे, सामान्य ज्ञान आहे. कानस नाही, गुण्या नाही. म्हणून दिवसा तो गावातल्या पिठाच्या गिरण्या आणि शेतातले पंप दुरुस्त करतो आणि संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे येतो. गेल्या आठवड्यात मी त्याला गणित घातले : २४० मीटर लांबीची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने ३६० मीटरचा पूल किती वेळात ओलांडील?

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. बोटांवर काही मोजले. मला वाटले, अडला.

“सर, २४० मीटर म्हणजे नव्या बनावटीचे दहा डबे झाले,” तो म्हणाला. “यात इंजिन धरलेलंच नाही.”

“परीक्षेत इंजिन नसतं रे,” मी म्हटले.

त्याने मान डोलावली, २४० खाली ३६० मांडले आणि बेरीज करायला घेतली.