बँकॉक, साडेतीन दिवस

बँकॉकला जातोय असं ऑफिसात सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठराविक हसू येतं. बायकोबरोबर जातोय म्हटलं की ते आणखी रुंद होतं, आणि मग कँटीनमध्ये तो एक विनोद, जो राइट बंधूंनी विमान उडवलं त्याच संध्याकाळी कोणीतरी केला असावा. असो. आम्ही चाललो होतो ते वेगळ्याच कारणासाठी. बायकोला तिच्या कंपनीने दोन वर्षांसाठी बँकॉकला येणार का असं विचारलं होतं. उत्तर द्यायला आठ दिवस दिले होते. आम्ही दोघांनीही ते शहर कधी पाहिलं नव्हतं. मग म्हटलं, न बघता हो किंवा नाही कशाला म्हणा? शुक्रवारची अर्धी सुट्टी आणि सोमवार टाकला, मुंबईहून विमान पकडलं.

इथे थोडी मागची गोष्ट सांगायला हवी. 2012 ते 2014 ही दोन वर्षं मी ऑनसाइट होतो, न्यू जर्सीत, एडिसनला. बायको डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे नोकरी करायला कायद्याने बंदी. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती आली होती. दुपारभर लायब्ररीत बसायची, संध्याकाळी ओक ट्री रोडवरून भाजी आणायची. परत आल्यावर तिला दोन पायऱ्या खालून सुरुवात करावी लागली. त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. आता थायलंडमध्येही नियम तसाच आहे: बायकोच्या नोकरीवर नवरा राहू शकतो, पण स्वतःचं वर्क परमिट असल्याशिवाय काम करू शकत नाही. माझ्या कंपनीचं म्हणणं, परदेशात बसून लॅपटॉप उघडायचा नाही. त्यामुळे यावेळी लायब्ररीत बसायची पाळी कोणाची, हे न बोलताच दोघांनाही कळत होतं.

विमानतळाचं नाव आपण 'सुवर्णभूमी' वाचतो, ते म्हणतात 'सुवन्नफूम'. आत समुद्रमंथनाचा भलामोठा देखावा आहे, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर, मध्ये वासुकी. दोन्ही बाजू जीव खाऊन ओढताहेत. सोमवारी रिलीज असलेल्या आमच्या टीमची आठवण झाली.

एकदा हा खेळ लक्षात आला की मग वेडच लागतं. स्कायट्रेनमध्ये बाई गोड आवाजात 'सथानी तॉ पाइ' म्हणते, म्हणजे पुढचं स्टेशन. सथानी म्हणजे आपलं 'स्थान'च. भाषा म्हणजे 'फासा', वेळ म्हणजे 'वेला', नगर म्हणजे 'नखॉन'. कळस म्हणजे बायकोला त्यांचा एक शब्द 'फनरया', भार्या, आणि नवऱ्याला 'सामी', स्वामी. हे बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "बरं का स्वामी, बॅग उचला, स्टेशन आलं."

ही स्कायट्रेन 5 डिसेंबर 1999 ला सुरू झाली. पुण्याच्या मेट्रोचा पहिला टप्पा मार्च 2022 मध्ये. मधल्या बावीस-तेवीस वर्षांत आपण कर्वे रोडवर काय करत होतो ते तुम्हाला माहीतच आहे. पण खाली रस्त्यावर बघाल तर ट्रॅफिक आपल्याइतकाच. फरक एकच, हॉर्न नाही! सिग्नल मिनिटामागून मिनिटं लाल, आणि सगळे गप्प बसून आहेत. पहिला अर्धा तास मला कान बंद झाल्यासारखं वाटलं.

मात्र मला सगळ्यात आवडलं ते वाहन म्हणजे सेन सेप कालव्यातली लाँच. हा कालवा तिसऱ्या रामाने 1837 ते 1840 या काळात खणून घेतला, फौजा पूर्वेकडे नेता याव्यात म्हणून. आता त्यातून ऑफिसला जाणारी माणसं जातात. लाँच धक्क्याला लागते न लागते तोच निघते, त्यामुळे चढायचं ते आपल्या लोकलच्या हिशेबानेच. (मुंबईकरांना अडचण येणार नाही.) कंडक्टर आत येतच नाहीत. डोक्यावर हेल्मेट, हातात दोर धरून ते लाँचच्या बाहेरच्या काठावरून चालत तिकिटं फाडतात. हेल्मेट कशाला, हे पहिला बुटका पूल आला तेव्हा कळलं. आख्खं छप्परच खाली झुकलं! बाजूला ताडपत्री असते. समोरून दुसरी लाँच आली की काठावर बसलेल्याने दोर ओढून ती वर करायची, नाहीतर सगळ्या ओळीला अंघोळ. आणि पाणी... झेड ब्रिजखालची मुठा आठवा, म्हणजे पुरे. माझ्या शेजारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक मुलगा मोबाइलवरून नजर न काढता एका हाताने ताडपत्री वर-खाली करत होता. हे रोजचं आहे त्याचं. मी मनात म्हटलं, रोजचं असं आपल्यालाही जमेल का? बायको माझ्याकडेच बघत होती. "जमेल तुला," ती म्हणाली. मी तोंडातून शब्दही काढला नव्हता.

देवळांचं थोडक्यात आटपतो, कारण फोटो तुम्ही पाहिलेले असतातच. वाट फोमधला पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे आणि त्याची तळपावलं बघायची, शिंपल्याचं जडावकाम आहे त्यावर. पन्ना-बुद्धाच्या देवळाभोवतीच्या भिंतींवर आख्खं रामायण रंगवलंय, 178 चित्रांत, आणि त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला प्रेमात बिमात पडणारा आहे.

इरावनच्या चौकातला ब्रह्मदेव मात्र वेगळाच. आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ म्हटलं की पुष्कर आठवतं आणि पुढे गाडी अडते. इथे ऐन मॉलच्या गर्दीत, स्कायट्रेनच्या पुलाखाली त्याच्यासमोर झेंडूच्या माळांचे ढीग. 1956 मध्ये शेजारच्या हॉटेलचं बांधकाम काही केल्या धड होईना, म्हणून ज्योतिषाच्या सल्ल्याने हा बसवला. लोक नवस बोलतात आणि पुरा झाला की लाकडी हत्ती वाहतात, नाहीतर पैसे देऊन तिथल्या नर्तकींकडून देवासमोर नाच करवून घेतात. नवस फेडायची ही पद्धत सिद्धिविनायकाला कोणी सुचवू नये. बायको बराच वेळ हात जोडून उभी होती. "काय मागितलंस?" "सांगत नसतात. आणि हो, पुरा झाला तर फेडायला यावं लागेल."

आता खाणं. बायको मालवणची, तिला तिथे माहेरी आल्यासारखं वाटलं. कोळंबी, खेकडा, वाफवलेला आख्खा मासा, रस्त्यावरच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून घाम पुसत तिने जे काही खाल्लं, त्याचं वर्णन मी करू शकत नाही, कारण मी अंड्यापर्यंतच पोचलेला माणूस. तिथे अडचण माशाच्या तुकड्याची नसते, तो बाजूला काढता येतो. अडचण 'नाम प्ला'ची, म्हणजे मासे मुरवून केलेल्या रसाची. तो आपल्या हिंगासारखा कशातही असतो. शाकाहारीला त्यांचा शब्द 'मांगसविरत'. मांस-विरती! इतका सुंदर शब्द मराठीने कसा काय सोडला? त्याहून कडक म्हणजे 'जे', पिवळ्या पाटीवर लाल अक्षर. तिथे मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही, म्हणजे थेट आमच्या आजीचा चातुर्मास. तीन दिवस मी पिवळी पाटी शोधत फिरलो आणि नसेल तिथे आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात खाल्ला. तक्रार नाही.

रविवारी ऑन नटला फ्लॅट बघितला. सतराव्या मजल्यावर, खाली तरणतलाव, स्टेशन पाच मिनिटांवर. भाडं बाणेरपेक्षा थोडंच जास्त. सगळं छान, पण स्वयंपाकघर? एक बेसिन, एक छोटा फ्रिज, दोन हात रुंद ओटा, संपलं. एजंट बाई म्हणाल्या, इथे लोक बाहेरच खातात, आणि कृपया वासाचं काही शिजवू नका. मी बायकोकडे पाहिलं. फोडणी! पंधरा मिनिटं आम्ही त्या ओट्यासमोर उभे होतो आणि चर्चा काय, तर कढई कुठे राहील. दोन वर्षांचा पगार, करिअर, माझं काम, आई-बाबांची औषधं, यातलं काहीच नाही. आई-बाबांचं म्हणाल तर चार-साडेचार तासांचं विमान म्हणजे लाँग वीकेंडला बोरघाटात अडकण्याएवढंच, असं मी स्वतःला समजावलंय. ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी लुंफिनी बागेत गेलो. लुंफिनी म्हणजे लुंबिनी. तळ्याकाठी माणसाएवढ्या घोरपडी निवांत फिरत होत्या आणि त्यांच्या शेजारून लोक इअरफोन लावून पळत होते. बरोबर सहाला स्पीकरवर राष्ट्रगीत सुरू झालं आणि पळणारे जागच्या जागी थांबले. एक पाय पुढे, घाम गळतोय, तसेच. आम्हीही थांबलो. गीत संपलं, सगळे पुन्हा पळायला लागले. आम्ही मात्र उभेच राहिलो.

"एडिसनला तू दिवसभर काय करायचीस गं?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हे कधी बोलणंच झालं नव्हतं.

"सुरुवातीला रडायचे," ती म्हणाली. "मग लायब्ररीत एक गुजराती काकू भेटल्या. त्यांना मी इंग्लिश शिकवायचे, त्या मला उंधियू. तुझं नाव नव्हतं घेतलं त्यांच्यापुढे कधी."

"म्हणजे?"

"म्हणजे वाईट बोलले नाही. तू घाबरू नकोस रे."

मंगळवारी सकाळी तिने मेल पाठवला: येते. मी माझ्या मॅनेजरकडे वर्षभराची बिनपगारी रजा मागितलीय. नाहीच मिळाली तर राजीनामा, हे आमचं ठरलंय. त्याने गुरुवारी साडेचारची वेळ दिलीय. बँकॉकमध्ये तेव्हा सहा वाजलेले असतील.