आजीचा गुडघा आणि आमचं मटेरियल सायन्स

‘वेअर अँड टेअर’ हा शब्द आम्ही मेकॅनिकलवाले दिवसातून दहादा वापरतो. बेअरिंग झिजतं, गिअर झिजतो, टी.ई.ला येईपर्यंत स्टुडंटसुद्धा झिजतो! पण यंदा हाच शब्द आजीच्या उजव्या गुडघ्यासाठी डॉक्टरांच्या तोंडून ऐकला. कूर्चा जवळजवळ संपलेली, हाडावर हाड घासतंय, गुडघा बदलावा लागेल. (आम्ही पडलो कॉन्व्हेंटवाले, त्यामुळे ‘कूर्चा’ मला आधी डिक्शनरीत शोधावी लागली!)

आजीने विचारलं, “तू इंजिनिअर होणार ना गं? मग सांग, नवा गुडघा टिकेल किती?”

मग काय, सबमिशन बाजूला ठेवून वाचत सुटले. इंग्लंडमध्ये राइटिंग्टन हॉस्पिटलला जॉन चार्नली नावाचे सर्जन होते. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी बसवली. घर्षण एकदम कमी, पण वाटी काही वर्षांतच झिजायची आणि त्या कणांनी आजूबाजूला सूज यायची. पेशंटची पुन्हा ऑपरेशन्स करावी लागली. शरीर या मटेरियलला कसं वागवतं हे बघायला या माणसाने त्याचे नमुने चक्क स्वतःच्या मांडीत घालून घेतले! १९६२ साली त्यांनी पॉलिएथिलीन वापरलं आणि सांधे टिकू लागले. गुडघ्यातही आज बहुतेक धातू आणि पॉलिएथिलीन हीच जोडी असते. रेडिएशनने क्रॉसलिंक केलेलं पॉलिएथिलीन तर आणखी कमी झिजतं.

आजीचं उत्तरही सापडलं. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात पूर्ण बदललेले सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकलेले दिसले, खुबे ५८ टक्के. हे कळलं कसं? काही देशांत बदललेल्या सांध्यांची रजिस्टरं ठेवतात. स्वीडनमध्ये गुडघ्यांचं रजिस्टर १९७५ पासून आहे. कोणता सांधा लवकर बिघडला, ते त्यातून पकडलं जातं. मला तर पॉलिएथिलीनपेक्षा ही वही जास्त भारी वाटली.

कारण आमच्या शेजारच्या काकूंचं ऑपरेशन छान झालं, इम्प्लांटही उत्तम. पण डिस्चार्जला व्यायामाचा एक इंग्रजी कागद हातात दिला आणि संपलं. नंतर कुणी विचारलं नाही. दुखतं म्हणून काकूंनी व्यायाम सोडला, गुडघा आखडला. आज त्या जिना एकेक पाय जोडत चढतात. धातूचा काय दोष?

म्हणून आजीने ऑपरेशनआधीच डॉक्टरांना विचारलं, “घरी व्यायाम कोण घेणार? रात्री सूज आली तर फोन कुणाला करायचा?” डॉक्टर हसले, पण दोन्ही नंबर लिहून दिले. जमिनीवर मांडी घालायची नाही हेही स्पष्ट सांगितलं. त्यावर मात्र आजी दोन दिवस गप्प होती. पूजा आता खुर्चीवर बसून.

आता रोज संध्याकाळी फिजिओताईंनी दाखवल्याप्रमाणे व्यायाम होतो आणि मी माझ्या ड्रॉइंगच्या प्रोट्रॅक्टरने कोन मोजते. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी. डावा गुडघाही गेलेलाच आहे. त्याचं काय करायचं ते उजव्याचे ११० झाल्यावर ठरवू, असं आजीने जाहीर केलंय. काल ९५ झाले.