खांद्यावरचे साडेचार किलो

वाचकहो, वजनाशी असलेले आपले नाते वयाबरोबर बदलत जाते. चाळिशीत जी भाजीची पिशवी दोन बोटांत अडकवून आपण जिना चढत होतो, तीच पिशवी सत्तरीत पहिल्या वळणावर खाली टेकवावी लागते. पिशवी तीच असते; तिला पेलणारा देह बदललेला असतो. आज ज्या वजनाविषयी लिहिणार आहे, ते मात्र भाजीचे नव्हे, एका वाद्याचे आहे. आरोग्यविषयक पाक्षिकात हे वाद्य सहसा येत नाही. ते म्हणजे भरीव लाकडी अंगाची इलेक्ट्रिक गिटार.

माझे यजमान त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. दिवसा बँकेतील नोकरी आणि रात्री ऑर्केस्ट्रात गिटार, असे त्यांचे तारुण्य गेले. गिरगाव, दादर, ठाणे येथील गणेशोत्सवांच्या मंचांवर ते तीन-तीन तास उभे राहून वाजवीत. १९८१ साली त्यांनी एका गोमंतकीय वादकाकडून जपानी बनावटीची एक जुनी गिटार विकत घेतली. आमच्या घरात फ्रिजही तिच्यानंतर आला. ‘गिटार जड असावी, तरच तिचा नाद भरीव येतो,’ हे त्यांचे ठाम मत. या मताचे काय झाले, हे सांगण्यापूर्वी या वाद्याला एवढे वजन आले कोठून, ते पाहू.

आरंभी वजनाचा प्रश्न नव्हताच. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेत रिकनबॅकर या नावाने निघालेली इलेक्ट्रिक गिटार ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. तिच्या आकारावरून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवीत वाजवायची. आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी जिचे वर्ग केले, ती ‘हवाईन गिटार’ याच कुळातली. व्हॅन शिपले यांनी तिच्यावर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या कित्येक घरांत होत्या. मांडीवरच्या वाद्याचा भार मांडी आणि खुर्ची वाटून घेतात. खांद्याला त्याची वार्ताही नसते.

पुढे गिटार उभी राहिली आणि पट्ट्याने खांद्याला लटकली. पोकळ गिटारचा आवाज विजेवर मोठा केला की तिचे अंगच थरथरू लागे आणि ध्वनिवर्धकातून शिट्टी वाजे. उपाय म्हणून कारागीर भरीव लाकडाकडे वळले. अमेरिकन वादक लेस पॉल यांनी १९४०च्या सुमारास पाइनच्या एका चौकोनी ओंडक्यावर तारा चढवल्या आणि दोन्ही बाजूंना पोकळ गिटारचे अर्धे अर्धे अंग जोडले. १९५२ साली गिब्सन कंपनीने त्यांच्या नावाची भरीव गिटार बाजारात आणली. तिचे अंग महोगनीचे आणि वरचा थर मेपलचा. अशी गिटार साधारणपणे चार ते साडेचार किलो भरते. १९७०च्या दशकातील काही तर पाच किलोंच्या घरात जातात. फेंडर कंपनीने १९५४ साली आणलेली स्ट्रॅटोकास्टर सहसा साडेतीन किलोंच्या आसपास असते. तिच्या पाठीला बरगड्यांसाठी आणि पुढून कोपराखालच्या हातासाठी उतार दिलेला आहे. वाद्य माणसाच्या देहावर बसायचे आहे, हे त्या उतारात दिसते.

आता नादाचा प्रश्न. सतारीचा भोपळा किंवा पोकळ गिटारची वरची पातळ फळी हवा हलवते, म्हणून आपल्याला स्वर ऐकू येतो. भरीव गिटारमध्ये हे काम पिकअपकडे असते. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. पोलादी तार वर कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते, तांब्याच्या वेटोळ्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह उमटतो, आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याला मोठे करून ध्वनिवर्धकाकडे देतो. ऐकणाऱ्यापर्यंत जे पोहोचते त्यात तारा, पिकअप, अ‍ॅम्प्लिफायर आणि वादकाची बोटे यांचा वाटा फार मोठा. लाकडाच्या वजनाचा वाटा किती, यावर वादक आणि कारागीर आजही वाद घालतात. ‘जितकी जड तितकी उत्तम’ हे सूत्र मात्र टिकत नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरच्या ज्या लेस पॉल गिटारींना आज सर्वाधिक मोल आहे, त्यांतील अनेक चार किलोंच्या आसपासच भरतात. त्यांच्याहून जड असलेल्या सत्तरच्या दशकातील गिटारींना तेवढा मान नाही. फेंडरने १९६८ साली टेलिकास्टरचे अंग आतून पोखरून ती हलकी केली, आणि गिब्सननेही पुढे लाकडात आतून छिद्रे पाडण्यास सुरुवात केली. वजन कमी करण्याचा हा खटाटोप कारखान्यांनी केला, कारण खांदे दुखत होते.

हे सारे मला ठाऊक होण्याचे कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी ह्यांची पाठ दुखू लागली. एक्स-रे काढला तेव्हा पाठीचा एक मणका किंचित दबलेला आढळला. पुढील तपासणीत हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले. हा आजार स्त्रियांचाच, असा आपला समज असतो; पण उतारवयात तो पुरुषांनाही गाठतो आणि पुष्कळदा मणका दबेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. औषधे सुरू झाली. डॉक्टरांनी बजावले, ‘पुढे वाकून काही उचलायचे नाही, आणि खांद्याला ओझे अडकवून फार वेळ उभे राहायचे नाही.’ घरी आल्यावर मुलाने गिटार पेटीत घातली आणि पेटी कपाटावर ठेवली. कोणी काही बोलले नाही. हेही बोलले नाहीत.

त्यानंतरचे सात महिने मी विसरणार नाही. दुपारचा चहा झाला की गिटार काढायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. तो नेम गेला आणि दुपार लांबत चालली. शनिवारी जुने सोबती एकमेकांच्या घरी जमत, तेथे जाणे थांबले. ‘श्रोता म्हणून काय जायचे?’ एवढेच उत्तर. झोप उडाली, बोलणे कमी झाले. मणक्याची औषधे वेळेवर दिली जात होती; परंतु माणूस मिटत चालला होता, आणि त्यावर कोणती गोळी लिहून दिलेली नव्हती.

एके दिवशी फिजिओथेरपिस्ट बाईंनी साधा प्रश्न विचारला, ‘आजोबांची गिटार किती किलोंची आहे?’ घरात कोणालाच सांगता येईना. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा आमच्याकडे होता. नातवाने गिटार त्याला अडकवली. ४.५ किलो. पेटीसह तोलली तर ९ किलो. बाई म्हणाल्या, ‘बघा, आजोबांना सर्वांत मोठा धोका वाजवण्यात नव्हताच. तो होता ही पेटी वाकून उचलण्यात.’

वाचकहो, काळजी घेणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. वजन म्हणजे काट्यावरचा एक आकडा नसतो. ते कोठे टेकले आहे, किती वेळ टेकले आहे, आणि देहाच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, यावर त्याचा भार ठरतो. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा पट्टा डाव्या खांद्यावर असतो. साडेचार किलो तेथे दोन तास राहिले तर मान एका बाजूस झुकते, पाठ वाकते, आणि पुढे वाकलेल्या पाठीत मणक्यांच्या पुढच्या कडेवर दाब वाढतो. पट्टा अरुंद असेल तर तोच भार थोड्या जागेत रुततो. पट्टा दुप्पट रुंद केला की दाब जवळपास निम्म्यावर येतो. काही गिटारींची दांडी अंगाहून जड असते. सोडली की ती खाली झुकते आणि डावा हात सूर धरण्याऐवजी दांडी सावरण्यात शिणतो. अशी असमतोल गिटार हलकी असली तरी दमवते.

आपल्या परंपरेला हे गणित ठाऊक आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणेकरी गळ्यात वीणा घेऊन उभा असतो, पण त्याचे पहारे लावलेले असतात. वेळ झाली की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ढोलपथकातील मुले ढोल कमरेला बांधतात. भार वाटायचा, भार खाली आणायचा, भाराला वेळेची मर्यादा घालायची. एवढेच तर सांगायचे आहे.

आम्ही तेच केले. डॉक्टरांना विचारून पहिला महिना गिटार बसून वाजवायची ठरली. हात नसलेली सरळ पाठीची खुर्ची, डाव्या पायाखाली छोटा पाट, आणि गिटार मांडीवर. बसल्यावरही रुंद पट्टा लावायचा, म्हणजे ती घसरत नाही. वीस मिनिटे झाली की गजर, मग उठून घरातल्या घरात एक फेरी. पेटी कपाटावरून कायमची उतरली; गिटार आता कमरेच्या उंचीवर, भिंतीजवळच्या स्टँडवर असते. ती हाती देण्याचे काम माझे.

चार महिन्यांनी नातवाने मित्राकडून एक हलकी गिटार आणून दाखवली. काट्यावर ती बरोबर ३ किलो भरली. फरक दीड किलोचा, म्हणजे दीड लिटर पाण्याचा. दीड लिटर पाण्याची बाटली खांद्याला अडकवून स्वयंपाकघरात अर्धा तास उभे राहून पाहा, म्हणजे फरक पटेल. दोन्ही गिटारी एकाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडून ह्यांनी एकच गत वाजवली. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकली. मला भेद कळला नाही. ह्यांना कळला. ‘अगं, जुनीचा स्वर जरा जास्त रेंगाळतो,’ ते म्हणाले. ते खरेच असेल. चाळीस वर्षांच्या सवयीच्या कानांशी मी वाद घालत नाही. मी एवढेच विचारले, ‘अहो, रेंगाळणारा स्वर हवा, की रोजचा?’ ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी हलकी गिटार ठेवून घ्यायला सांगितले. जुनी गिटार त्यांनी आमच्या एका भाच्याला दिली. देताना तारा बदलल्या, अंग पुसले, आणि पुसायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ घेतला. ते दुःख होते. ते तसेच राहू द्यावे, त्यावर उपदेशाचे मलम चोळू नये, असे मला वाटते.

आज ते दिवसातून दोनदा वाजवतात, अर्धा अर्धा तास. शनिवारी जातात. मणका पूर्ववत झालेला नाही, होणारही नाही; हाडांची औषधे चालूच आहेत.

ज्यांच्या नावाची ती जड गिटार प्रसिद्ध झाली, त्या लेस पॉल यांचे आयुष्यही येथे आठवण्याजोगे आहे. १९४८ साली मोटार अपघातात त्यांच्या उजव्या कोपराचा चुरा झाला. कोपर पुन्हा वाकणार नाही हे कळल्यावर, गिटार वाजवता येईल अशा कोनात हात बसवा, असे त्यांनी डॉक्टरांना सांगितले. पुढे संधिवाताने बोटे आखडली, तरी चालणाऱ्या बोटांपुरते वादन बदलून ते न्यूयॉर्कमधील क्लबात दर सोमवारी वाजवीत राहिले. २००९ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. मधुमेह असलेले बी. बी. किंग अखेरच्या वर्षांत बसून वाजवीत. थोर वादकांनाही वाद्याशी नवा करार करावा लागतो.

काही सूचना मात्र निक्षून सांगते. वाजवताना बोटांना मुंग्या येणे, बधिरता, किंवा खांद्यापासून हातात उतरणारी कळ यांकडे दुर्लक्ष करू नये, डॉक्टरांना दाखवावे. डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, छातीवर दडपण, घाम, धाप अशी लक्षणे असतील तर ‘पट्ट्याने दुखले असेल’ असे म्हणत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. पेसमेकर बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेला असतो, आणि गिटारचा पट्टा नेमका तेथूनच जातो; शिवाय पिकअपमध्ये चुंबक असतात. अशा वादकांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच गिटार हाती घ्यावी. हाडे ठिसूळ असतील तर पेटी उचलण्याचे काम दुसऱ्याचे, यात संकोच नको.

तुमच्या घरात कदाचित गिटार नसेल. पेटी असेल, पखवाज असेल, शिवणयंत्र असेल, देवघरातील पितळी समई असेल, किंवा बागेतील पाण्याची झारी असेल. ज्येष्ठांच्या हातून ती वस्तू काळजीपोटी काढून घेण्याचा क्षण प्रत्येक घरात येतो. त्या क्षणी ‘आता पुरे’ म्हणण्याआधी एक करा. ती वस्तू काट्यावर ठेवा, तिचे वजन वाचा, ती कोठे टेकते आणि किती वेळ टेकते ते पाहा, आणि ज्यांची ती वस्तू आहे त्यांनाच विचारा की यातले काय कमी करता येईल. बहुतेक वेळा एखाददुसरा किलो कमी करता येतो.